पाठ झालेला नंबर

“मावशी, तुमचा फोन नंबर काय?”

मित्रांनो, या एका प्रश्नाने माझ्या आयुष्याला कलाटणी मिळाली आणि तो विचारला गेला निव्वळ पैजेपायी! शाळेसमोरच्या बसथांब्याच्या बाकावर एक मावशी राहायची. राहायची म्हणजे खरोखरच राहायची. एक बोचकं, एक चादर आणि पाण्याची बाटली, एवढाच तिचा संसार. आमच्या घरची मुलगी नुकतीच वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती, त्यामुळे तिची गाडी सुसाट होती. मैत्रिणींनी तिला डिवचलं, “एवढी धीट आहेस ना? मग त्या बाकावरच्या बाईचा नंबर मागून दाखव!”

मागितला की तिने! मैत्रिणी मागे उभ्या राहून तोंड दाबून हसत होत्या.

मावशी मात्र चिडली नाही. ती म्हणाली, “नंबर असता तर मी इथे बसले असते का गं? बेघरांच्या निवाऱ्यात नाव घालायला गेले होते. तिथल्या बाई म्हणाल्या, खाट रिकामी झाली की फोन करतो, नंबर सांगा. आता नंबर कुठून आणू? थंडीच्या आत खाट मिळाली तर ठीक, नाहीतर ही हाडं आहेत आणि हा बाक आहे.”

मैत्रिणींचं खिदळणं एकदम बंद पडलं. मुलगी घरी आली ती थेट शिलाई मशीनकडे. मशीनचा खण उघडून तिने मला बाहेर काढलं.

हो, तो मीच. डाव्या कोपऱ्यात तडा गेलेला जुना मोबाईल. कारखान्यातून निघालो तेव्हा काय माझा तोरा! खोक्यात मऊ कागदावर निजून आलो होतो. मुलीच्या बाबांचं घरातच शिवणकामाचं दुकान. गिऱ्हाइकांची मापं, कापडांचे फोटो, “उद्या नक्की देतो” हे रोजचं वचन, सगळं माझ्याच पोटात. बाबा मला उजवा हात म्हणायचे. मग एक दिवस दुसरा उजवा हात आला, चकचकीत, मोठ्या पडद्याचा. माझी रवानगी खणात झाली, तुटकी बटणं आणि बोथट कात्रीच्या शेजारी. दोन वर्षं कोणी माझं तोंडही पाहिलं नाही. नंबर तेवढा चालू होता, कारण जुन्या उजव्या हाताचा नंबर बंद करणं बाबांच्या जिवावर यायचं, रिचार्ज तेवढा ते न चुकता करायचे.

“देऊन टाक,” बाबा म्हणाले. “खणात सडण्यापेक्षा बरं.”

मुलीने मला पुसलं, चार्ज केलं आणि मावशीच्या हातात ठेवलं. मग दोघी मिळून निवाऱ्यात गेल्या आणि माझा नंबर यादीत घालून आल्या. वाटेत मुलीने मावशीला तो पाठ करायला लावला. दहा आकडे! मावशीला अक्षरओळख नव्हती, पण आकडे तिने असे घोकले की विचारता सोय नाही. पाव विकणारा, बसचा कंडक्टर, रस्ता झाडणारी बाई, दिसेल त्याला ती नंबर म्हणून दाखवायची. “माझाही नंबर आहे म्हटलं!” त्या आठवड्यात ती बाकावर जरा ताठ बसायची.

निघताना मुलीने बजावलं होतं, “मावशी, बॅटरी जपून वापरा हं. संपत आली की हा टिंग करतो. टिंग झालं की लगेच बंद करायचा.”

इथेच घात झाला, मित्रांनो.

चार्जिंगला जागा एकच होती, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याची. तो आठवड्यातून एकदाच, तेही कुरकुरत, मला भिंतीला लावू द्यायचा. म्हणून मावशी मला दिवसभर बंदच ठेवायची. फोन येईल तेव्हा बॅटरी कमी पडायला नको, हा तिचा हिशोब. सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळी थोडा वेळ ती मला चालू करायची आणि दोन्ही हातांत धरून बसायची, एखादं आजारी पाखरू धरावं तशी.

निवाऱ्यातल्या बाई फोन करायच्या दुपारी. मी बंद. मग त्यांनी संदेश पाठवला. संध्याकाळी मला जाग आली आणि मी जीव तोडून ओरडलो, टिंग!

“अगं बाई, भूक लागली वाटतं तुला,” मावशी म्हणाली आणि तिने मला घाईघाईने बंद केलं.

मला काय म्हणायचं होतं ते मी कसं सांगणार? माझ्यापाशी तेवढा एकच शब्द होता.

असं तीनदा झालं. तिकडे मुलगी परीक्षेच्या धांदलीत होती. रस्त्याच्या पलीकडूनच ती हात हलवायची. “मावशी, आला का फोन?”

“नाही गं. येईल!”

“बॅटरी आहे ना?”

“भरपूर!”

दोघी खूश. माझा पडदा बघावा असं मात्र कोणालाच सुचलं नाही.

थंडी पडली. मावशीचा खोकला वाढला. एके सकाळी शाळेच्या फाटकापाशी तिने मुलीला गाठलं. मी तिच्या ओच्यात होतो, दोन पिशव्या आणि एका रुमालात गुंडाळलेला. “घे पोरी, तुझी वस्तू. एक ओरखडा पडू दिला नाही बघ. फोन काही आला नाही. असू दे, त्यांच्याकडे माझ्यासारख्या पुष्कळ असतील. लांबच्या एका गोदामात झाडलोटीचं काम आहे म्हणतात, निजायला कोपराही देतात. ट्रक निघतोय, जाते.”

“अहो पण मावशी, कुठे?”

“गावाचं नाव त्या ड्रायव्हरलाच ठाऊक!” ती हसली, खोकली आणि निघाली. तेवढ्यात घंटा झाली आणि मुलगी वर्गात पळाली.

मधल्या सुट्टीत तिने मला चालू केलं. पहिला संदेश: खाट रिकामी आहे, उद्यापर्यंत या. दुसराही तसाच. तिसरा: संपर्क न झाल्याने नाव यादीतून काढले आहे.

ती धावत बाकापाशी आली. बाक मोकळा होता. तिने निवाऱ्यात फोन लावला, रडत रडत सगळं सांगितलं. तिथल्या बाई हळहळल्या. “नाव पुन्हा घालते मी. पण बाळ, त्यांना कळवायचं कुठल्या नंबरवर?”

मुलीने मला कानावरून खाली घेतलं. मावशीला गाठायचा जगात एकच नंबर होता आणि तो तिच्याच हातात होता.

मित्रांनो, जुनी वस्तू देऊन टाकणं सोपं असतं. पण दिल्यावर तुम्ही रस्ता ओलांडून पलीकडे जा, शेजारी बसा आणि एकदा पडद्यात डोकावून बघा. तेवढं झालं असतं तर तीन वेळा ओरडूनही मी मुका ठरलो नसतो.

संध्याकाळी बाबा मशीनवर होते, आई काज करत होती. मुलीने मला भिंतीवरच्या प्लगला लावलं. आई म्हणाली, “खणात ठेव तो. त्याचं काय काम आता?”

“नाही,” मुलगी म्हणाली. तिचे डोळे सुजले होते, पण आवाज स्पर्धेतल्यासारखा खणखणीत होता. “हा इथेच राहणार, दिवसरात्र चालू. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी निवाऱ्यात हाच नंबर द्यायचा. मी शाळेत असताना बाबा उचलतील. निरोप मी स्वतः जाऊन सांगणार, समोर बसून. आणि आई, हा नंबर कधीच बंद करायचा नाही. मावशीला तो पाठ आहे.”