ठेवणीतलं जांभळं रेशीम

आमच्या घरात दोन प्रकारच्या वस्तू आहेत: वापरायच्या आणि ठेवायच्या. वापरायच्या म्हणजे कान तुटलेले कप, विरलेल्या चादरी आणि मी. ठेवायच्या सगळ्या वरच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली ह्यांच्याकडे. पाहुण्यांसाठी घेतलेला काचेचा सेट आजवर एकाही पाहुण्याने पाहिलेला नाही, कारण प्रत्येक पाहुणा ह्यांना त्या सेटच्या मानाने थोडा कमीच वाटला. लेक लहानपणी ह्यांना 'ठेवणीवाले बाबा' म्हणायची. अजूनही म्हणते, फक्त आता फोनवरून.

त्याच कपाटात माझं जांभळं रेशमी कापड होतं. लेक पोटात असताना ह्यांनी आणलेलं, तेही मी न मागता. मी ते खांद्यावर टाकून आरशापुढे उभी राहते न राहते तोच हे म्हणाले, "छान आहे ना? आता ठेवून दे. चांगल्या प्रसंगाला शिवू." प्रसंग काय, आले आणि गेले. लेकीचे वाढदिवस झाले, ह्यांना बढती मिळाली, लेकीचं लग्न झालं. दर वेळी कापड बाहेर निघायचं, आणि याहून चांगला प्रसंग येईल म्हणून परत आत जायचं. पुढे पुढे मीही विचारायचं सोडलं. राग मात्र सोडला नाही, तो मीही ठेवणीतच ठेवला.

मग ह्यांच्या डोळ्यांचं निघालं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली कडेकडेने आत आत आटत जाईल. त्या दिवशी घरी येताना ह्यांनी स्वतः मोठे दिवे विकत आणले आणि खोल्याखोल्यांतून लावले. ज्या माणसाने उभा जन्म माझ्या मागे फिरून दिवे बंद केले, तो आता भर दुपारी दिवा लावून पेपर वाचतो. हसावं की रडावं कळत नाही, म्हणून मी दोन्ही करते, पण स्वयंपाकघरात.

लेकीने जहाजाच्या सफरीची तिकिटं पाठवली. "आई, बाबांना समुद्र दाखवून आण," म्हणाली. समुद्राचं मला एवढं काही नव्हतं, तो कुठे पळून चाललाय? मला हवं होतं ते एवढंच, की नजर आहे तोवर ह्यांनी मला त्या जांभळ्या रेशमात एकदा डोळे भरून बघावं. पण हे तोंडाने सांगायचं कसं? या वयात नवऱ्याला 'माझ्याकडे बघा हो' म्हणायची मला तरी लाज वाटली. मी गुपचूप किल्ली काढली, कापड शिंपीणबाईंकडे नेलं आणि पायघोळ पोशाख शिवून घेतला. घडीवर घडी राहून कापडावर एक पांढुरकी रेघ पडली होती. शिंपीणबाईंनी ती शिवणीत लपवली आणि मला विचारलं, "इतके दिवस कुणासाठी ठेवलं होतंत?" मी म्हटलं, "पाहुण्यांसाठी."

जहाजावर रोज संध्याकाळी खोलीच्या दाराखालून एक चिठ्ठी सरकवतात. पहिले काही दिवस त्यात हवा-पाण्याचं होतं. मग एकदा आलं: आज मुख्य भोजनगृहात समारंभी पेहराव. पुरुषांनी कोट, टाय आणि बंद बूट. स्त्रियांनी पायघोळ पोशाख. अर्धी चड्डी आणि सपाता चालणार नाहीत. ज्यांना हे जमणार नसेल, त्यांनी वरच्या मजल्यावर जेवावं.

"वर जाऊ," हे म्हणाले. "घास काय टायवरून घसरून पोटात जातो?"

"आज खाली."

"अगं, पण..."

"अहो, आज खाली." हा आवाज माझ्या ठेवणीतला आहे, वर्षाकाठी एकदा काढते. ह्यांनी मुकाट्याने बॅग उघडली.

कोट लेकीच्या लग्नातला. बूटही तेव्हाच घेतलेले, पण लग्नाच्या दिवशी चिखल होता म्हणून ह्यांनी जुनेच घातले होते. नवे खोक्यात, पातळ कागदात गुंडाळलेले, तसेच्या तसे. ह्यांनी नाड्या बांधल्या आणि एकदा पायाकडे असं कौतुकाने बघितलं, की मला त्या बुटांचा हेवाच वाटला. मी न्हाणीघरात जाऊन तयार झाले आणि वरून मोठी शाल लपेटून घेतली. शाल काढायची ती थेट जेवणाच्या मेजावर, असं मी घरूनच ठरवून आले होते.

लांबलचक बोळातून हे पुढे, मी मागे. निम्मं अंतर गेलो असू, तर गालिच्यावर काळा भुगा दिसायला लागला. थोडा इथे, थोडा तिथे.

"अहो, थांबा. काहीतरी सांडतंय."

ह्यांनी पाय उचलला. बुटाचा सोल शिळ्या बिस्किटासारखा सुटत होता. दुसऱ्याची टाच तर मागेच राहिली होती.

"एकदाही वापरलेले नाहीत गं!" हे म्हणाले, जसं काही दुकानदार समोर उभा आहे.

"वापरले असते तर झिजले असते," मी म्हटलं. "हे बसल्या जागी कुजले."

ह्यांनी मान खाली घातली. "तू जा खाली. मी सपाता घालून वर जेवतो."

बोलायला गेले असते तर रडूच आलं असतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या पिवळट उजेडात चेहरा कितपत दिसला कोण जाणे, पण मी गप्प झाले की ते ह्यांना न बघताही कळतं. ते भिंतीला टेकले आणि दोन्ही बुटांचे उरलेले सोल ओढून काढले. फेकले मात्र नाहीत. रुमालात बांधून कोटाच्या खिशात ठेवले.

"चल," म्हणाले. "वरून तर बूटच आहेत."

दारावरच्या काळ्या कोटातल्या माणसाने ह्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. चकचकीत चामडं, बांधलेल्या नाड्या, सगळं चिठ्ठीबरहुकूम. त्याने अदबीने दार उघडलं आणि आमचे ठेवणीवाले मोज्यांवर चालत, कोटाची बटणं लावत, ऐटीत आत शिरले. त्या क्षणी मला हा माणूस फार आवडला.

आत गेलो आणि बघते तर काय, दिवे जवळजवळ नाहीतच. छताचे सगळे मंद केलेले, दर मेजावर बोटभर उंचीचा एकच दिवा. आजूबाजूची माणसं त्या उजेडावर खूश होती. मी शाल काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली, ताठ बसले आणि वाट बघू लागले.

हे चाचपडत होते. पेल्याला हात घालायला गेले आणि काट्याला लागला.

"दिवे कधी लावणार?" हळूच विचारलं.

"कसं दिसतंय?" मी विचारलं.

"छान आहे," हे म्हणाले. "छान आहे हो सगळं." आणि बघत होते माझ्या शेजारच्या खांबाकडे.

मी वाढप्याला खुणेने बोलावलं. "जरा दिवा मोठा करता येईल का?"

"बाई, समारंभाच्या दिवशी दिवे असेच असतात," तो नम्रपणे म्हणाला.

"मग राहू दे तुमचा समारंभ," म्हणून मी उठले. "अहो, उठा."

"अगं, आत्ता तर सूप आलं! आणि एवढा बुटांचा खटाटोप..."

"वर जाऊ."

वरच्या मजल्यावर लख्ख पांढरा उजेड होता, दवाखान्यात असतो तसा. ओल्या केसांची पोरं, अर्ध्या चड्ड्या, सपातांचा फटफटाट, तबकं घेऊन लागलेली रांग. शाल मी खालीच विसरून आले होते. ह्यांनी डोळे किलकिले केले, रांगेत शिरले, तबक घेतलं, आणि चमचे कुठे आहेत ते विचारायला माझ्याकडे वळले.

विचारलंच नाही. तसेच उभे राहिले.

ह्यांना आता एका नजरेत सगळं मावत नाही. नळीतून बघावं तसं तुकड्या-तुकड्यानं बघतात. आधी गळा बघितला, मग एक बाही, मग दुसरी. मग खाली घोळापर्यंत गेले आणि सावकाश परत वर आले. मी जागची हलले नाही. मला धड हसता येईना, धड रडता येईना.

"हे ते जांभळं?"

"हो."

"इतकं सुंदर दिसतं हे तुला?" हे म्हणाले. "मग घातलं का नाहीस इतकी वर्षं?"

याचं उत्तर माझ्या जिभेवर तीस वर्षं तयार होतं. पण ते द्यायची वेळच आली नाही. ह्यांचा हात कोटाच्या खिशाकडे गेला आणि रुमालाच्या गाठोड्यावर थांबला.

"मीच म्हटलं होतं," हे म्हणाले. "ठेवून दे म्हणून."

मागे रांग खोळंबली होती. कुणीतरी खाकरलं. एक गृहस्थ म्हणाला, "काका, जरा पुढे सरकता का?"

ह्यांनी माझ्यावरची नजर काढली नाही.

"तुम्ही व्हा पुढे," त्याला म्हणाले. "माझं अजून बघून झालं नाही."