मातीत द्यायचा राहिलेला तुकडा

मित्रांनो, मी एक जुना मेणाचा ठोकळा आहे. हसू नका! मेण नुसतं वरवरचं. माझ्या पोटात राळेगावच्या हुस्नाबीच्या छातीतल्या गाठीचा तुकडा आहे.

गाठ काढल्यावर दवाखान्यात मला औषधाच्या बाटलीत टाकलं आणि बाटली हुस्नाबीच्या लेकीच्या, फरहानाच्या हातात दिली. "यवतमाळच्या लॅबमध्ये नेऊन द्या," एवढंच सांगितलं. त्या औषधात मांस नासत नाही, हे सांगायला कुणाला सवड होती? यवतमाळची एसटी निघून गेली होती, म्हणून फरहानाने मला घरी नेलं. आम्हा मुसलमानांत अंगाचा कापलेला भागही मातीत देतात, त्याचा मान ठेवतात. झाकण उघडलं तर नाक-डोळे झोंबणारा वास! "अम्मीले अशा घाण पाण्यात कायले ठेवू?" म्हणत तिने मला धुतलं आणि बाटलीत स्वच्छ पाणी भरलं. सकाळी मला मांडीवर घेऊन ती एसटीत बसली. किती माया होती हो त्या हातांत! आणि मी आतून नासत चाललो होतो.

लॅबमध्ये मला मेणात बसवलं आणि माझे पातळ पापुद्रे कापून काचेवर ठेवले. गाठीत एक ठरावीक प्रथिन असेल तर तपासणीत तपकिरी रंग उमटतो. मग रोजची एक गोळी त्या कर्करोगाला आवर घालू शकते. रंग नीट चढतो की नाही ते कळावं म्हणून माझ्या शेजारी लॅबमध्येच बाटलीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी ठेवल्या होत्या. त्या छान तपकिरी झाल्या. मी आपला कोराच. 'प्रथिन नाही' असा रिपोर्ट गेला आणि हुस्नाबीला ती गोळी कुणी दिलीच नाही.

पुढे उज्ज्वला नावाची संशोधक आली. बाटलीत वाढवलेल्या पेशी आणि खऱ्या गाठी यांच्यातली प्रथिनं ती ताडून पाहत होती. माझ्यापाशी आल्यावर थबकली. गाठीला लागून असलेल्या निरोगी भागातही रंग नव्हता, आणि तिथे तर तो थोडाफार हवाच. "अगं बाई, हा तुकडाच खराब झालाय!" असं म्हणून तिने लगेच फरहानाला फोन लावला.

"ताई, तुमच्या आईची पुन्हा तपासणी करू. कदाचित गोळी लागू पडेल."

"अम्मी गेली न मॅडम, रमजानच्या आधीच."

उज्ज्वलाने हळूच विचारलं, बाटलीतलं औषध तसंच होतं ना?

"लय वास मारे ते. मी फेकून देल्लं न साफ पाणी भरलं. अम्मीची तेवढी तरी खिदमत झाली माह्या हातून."

उज्ज्वला म्हणाली, "चांगलं केलं, ताई." फोन ठेवल्यावर मात्र ती खूप रडली. मलाही रडता आलं असतं तर!

मित्रांनो, अशी बाटली कधी हातात आली तर त्यातलं औषध ओतू नका. आणि बाटली देणाऱ्यांनो, तुम्ही दोन शब्द जास्त बोलत जा हो.

फोन ठेवण्याआधी फरहानाने विचारलं होतं, "तो तुकडा भेटन का? अम्मीजवळ मातीत द्याचा राह्यला." पण मला सांभाळून ठेवायचा इथला नियम आहे. खणाला कुलूप असतं, उन्हाची तिरीपही माझ्यावर पडू देत नाहीत. हुस्नाबी गेली, आणि मला आता काही म्हणता काही होत नाही.