रिकामं म्हणजे शून्य

प्रोग्रॅम लिहायच्या भाषेच्या नव्या आवृत्तीत काय घ्यायचं आणि काय नाही, याचा शेवटचा शब्द ताईचा. ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणत. आठवड्यापूर्वी तिनं आवृत्ती गोठवली होती, म्हणजे आता एकही नवा बदल घ्यायचा नाही. उद्या ती बाहेर पडायची होती. अशा वेळी अण्णांनी बदल पाठवलाय हे कळल्यावर तिचा विश्वासच बसेना.

ही भाषा अण्णांनीच घडवलेली. "गोठवली म्हणजे गोठवली, मग ब्रह्मदेव आला तरी दार उघडायचं नाही," हा दंडकही त्यांचाच. आणि आता ते मोडायला निघाले होते स्वतःचाच लाडका नियम: जिथे आकडा हवा तिथे काहीच आलं नाही, तर भाषेनं मुकाट्यानं शून्य धरायचं. त्याऐवजी प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबावा, असं त्यांचं म्हणणं.

"म्हातारचळ लागलाय," तपासनीस म्हणाला. कशावरच विश्वास ठेवत नाही म्हणून त्याचं नाव शंकासुर पडलं होतं. "लोकांचे जुने प्रोग्रॅम धडाधड बंद पडतील. फाडून खातील आपल्याला."

ताईला ते पटलं. नकार कळवायला तिनं फोन लावला.

"अण्णा, पुढच्या आवृत्तीत बघू की."

मग अण्णा म्हणाले, "लेकीला बाळ झालं. अपुऱ्या दिवसांचं, म्हणून काचेच्या पेटीत ठेवलं होतं. काल त्याच्या अंगावरची तापमानाची वायर निसटली. यंत्राला आकडा मिळेना, त्यानं शून्य धरलं. बाळ गारठलंय असं समजून पेटी तापवतच सुटलं. नर्सनं सहज हात घातला म्हणून वाचलं. आता बरं आहे. त्या यंत्राचा प्रोग्रॅम आपल्या भाषेतला आहे, ताई."

"पण लोकांचे जुने प्रोग्रॅम बंद पडतील, अण्णा," ताई कशीबशी म्हणाली.

"बंद पडू देत," अण्णा म्हणाले. "बंद पडलेलं निदान दिसतं तरी."

फोन ठेवून तिनं शंकासुराला बदल घालून सगळ्या चाचण्या चालवायला सांगितलं. तो कुरकुरतच बसला. चाचण्यांतले दोष मोजणारा, याच भाषेत लिहिलेला त्याचा स्वतःचाच प्रोग्रॅम सुरू होताच थांबला. त्यानं पुन्हा चालवला, पुन्हा तिथेच. मग तो कुठे अडकलं ती ओळ उघडून वाचू लागला. चेहरा पांढराफटक.

"काय झालं रे?"

"आपण 'दोष शून्य' म्हणून पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते ना," तो हळू आवाजात म्हणाला. "यातल्या कितीतरी चाचण्या चालल्याच नव्हत्या, ताई. उत्तर रिकामं आलं. ते शून्य धरलं गेलं."

असली आवृत्ती आपण उद्या जगाच्या हातात देणार होतो, ताईच्या मनात आलं.

त्याच संध्याकाळी तिनं बदल स्वीकारला आणि आवृत्ती पुढे ढकलली. ती बाहेर पडली तेव्हा अपेक्षेप्रमाणे पत्रांतून चहूकडून शिव्यांची लाखोली वाहिली गेली. प्रत्येक पत्राला उत्तर लिहायचं काम शंकासुरानं आपणहून मागून घेतलं. आपली चाचणीच कशी फसली, हे तो दर वेळी पहिल्या ओळीत लिही.