निळा डाग

आमच्या गॅरेजमध्ये माझी गाडी कधी राहिलीच नाही. विस्कॉन्सिनच्या बर्फात ती बिचारी बाहेर कुडकुडायची आणि आत माझ्या नवऱ्याचं, आर्विडचं, घरीच बांधायला घेतलेलं विमान ऐसपैस पसरलेलं. हा रिव्हेट ठोकणार आणि पत्र्याच्या पलीकडून लोखंडी ठोकळा धरायला मी. अख्खा संसार ठोकाठोकीत गेला बाई!

आता ते विमान धावपट्टीजवळच्या शेडमध्ये उभं होतं. शनिवारी ते पहिल्यांदा उडणार होतं, आणि उडवणार होती आमची मुलगी कॅरिन. साखरेच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी आर्विडचं उडणं बंद केलं होतं. त्यावर तो एवढंच म्हणाला होता, "उडवू दे तिला. बांधून मीच देणार."

कॅरिन शेजारच्या विमानांच्या क्लबात कॉफी आणायला गेली होती. मी इंजिनाखालच्या पेट्रोलच्या नळीवर चिंधी फिरवली आणि बघते तर चिंधीला निळा डाग. विमानाचं पेट्रोल निळं असतं.

"आर्विड, गळतंय रे."

"परत? थांब, अजून जरा आवळतो."

"परत म्हणजे काय?"

तो इकडेतिकडे बघायला लागला. "काल थोडं पाझरत होतं. आवळलं होतं मी."

तो पाना घेऊन वाकला तसा मी हातच मध्ये घातला. "खबरदार नटाला हात लावलास तर!"

नळीचं टोक कर्ण्यासारखं फुलवलेलं असतं. नट जास्त आवळला की ती पातळ कड चिरते, आणि मग जितकं आवळावं तितकं गळतं. हे मला कुणी शिकवलं? ह्यानेच. क्लबातल्या प्रत्येक नवख्याला तो सांगायचा, "किती आवळलं ते मोजायचा पाना त्या कोपऱ्यात शिरत नाही. आधी बोटांनी बसवा, मग पान्याने बेताने. हाताला कळतं."

मी नट सोडवून नळी बाहेर काढली. आर्विडने चष्मा चढवला. कडेला केसाएवढी चीर होती. त्याने पाना खाली ठेवला.

"हवेत फाटली असती तर... डोरिस, आत कॅरिन असती."

"साखरेपायी बोटांना कळत नाही ना तुझ्या?"

"महिने झाले. पाना हातात आहे की नाही, तेसुद्धा बघावं लागतं."

"अरे गाढवा, मला सांगायचं नाहीस? मी काय परकी आहे?" मी ओरडत होते आणि मलाच रडू येत होतं.

"सांगितलं असतं तर पाना काढून घेतला असतास."

"घेतलाच असता!"

मग मी त्याचे दोन्ही हात माझ्या हातांत धरले. गार होते. माझा स्पर्श तरी त्याला कळत होता का, देव जाणे. मला विचारवलं नाही.

नवी नळी आम्ही दोघांनी तयार केली. बसवायला दोन पाने लागतात, एक खालचा भाग पक्का धरायला आणि दुसरा नट फिरवायला. फिरवायचा नेहमी आर्विडच. त्या दिवशी त्याने तो पाना आपण होऊन माझ्या हातात ठेवला.

"फिरव. मी धरतो."

आधी बोटांनी, मग पान्याने बेताने. पेट्रोल सोडलं, पंप चालवला. चिंधी कोरडी. नटावर नारिंगी रंगाची रेघ ओढायची असते, म्हणजे तो हलला की रेघ तुटलेली दिसते. आणि आमच्याकडे ज्याने नट आवळला त्यानेच रेघ ओढायची. आर्विडने रंगाची बाटली माझ्यापुढे धरली.

तेवढ्यात कॅरिन कॉफी घेऊन आली. मी तोंड उघडायच्या आत आर्विडच बोलला. "कॅरिन, ही नळी मी बिघडवली होती. माझ्या बोटांना कळत नाही आता. आईने नवी बसवलीय. मी आवळलेला एकूण एक नट तुम्ही तपासा. नाहीतर शनिवार विसर."

कॅरिनने आधी चीर बघितली, मग बापाकडे. कप खाली ठेवले. मला वाटलं, आता हिचा भडका उडणार. तिने धरायचा पाना उचलून आर्विडच्या हातात दिला.

"चल बाबा, धर. मी फिरवते."

अंधार पडेपर्यंत आम्ही एकेक नट सोडवला, बघितला, पुन्हा बसवला. आर्विड डोळे पान्यावर रोखून बसला होता. तो पाना एकदाही हलला नाही.