चकचकीत डिस्क

पुढचा ब्रेक दाबला की गाडी थांबण्याआधी जरा विचार करायची. तीन मेकॅनिक झाले. पहिल्याने पॅड बदलले, दुसऱ्याने ब्रेक ऑइल, तिसऱ्याने पुन्हा पॅड. प्रत्येक जण आधीच्याला नावं ठेवायचा आणि आठवड्याभरात ब्रेक परत घसरायचा. मला तर गाडीचं तोंडही बघवेना.

चौथा म्हातारा निघाला. त्याने पान्याला हातच लावला नाही. ब्रेकच्या डिस्कवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि विचारलं, "गाडी रोज कोण पुसतं?"

"वडील. रिटायर झाल्यापासून तेवढंच काम धरलंय त्यांनी."

"चेन पुसतात त्याच फडक्याने डिस्कही पुसतात. तेल लागल्यावर पॅड काय डोंबल धरणार? त्यांना सांगा."

सांगा म्हणायला त्याचं काय जातंय. घरी आलो तर बाबा दारातच उभे.

"काय निघालं?"

"पॅडच हलके होते."

"मी म्हटलंच होतं. हल्लीच्या मेकॅनिकांना काही कळत नाही."

मी मान हलवली. ते आत गेल्यावर चेनच्या तेलाची बाटली आणि ते फडकं गुपचूप कचऱ्यात टाकलं. म्हटलं, सुटलो एकदाचा.

सकाळी खाली उतरलो. बाबा पुढच्या चाकाशी उकिडवे बसले होते. हातात माझा जुना बनियन, शेजारी आईची केसांच्या तेलाची बाटली.

"बघ," ते म्हणाले, "तोंड दिसतंय डिस्कमध्ये."