जयगडच्या शर्यतीतला नवसाचा कोंबडा

मी एक कोंबडा बोलतोय. समुद्रावरच्या शर्यतीच्या गोष्टी माणसं छाती फुगवून सांगतात; ज्याची मान पणाला लागली होती त्याचंही आज जरा ऐका.

माझा जन्म वरळीच्या कोळीवाड्यात, काशीबाईच्या जुन्या मासळीच्या टोपलीत झाला. सुकट टिपत बालपण सुखात गेलं. मग लाकूड बंदरावरच्या एका व्यापाऱ्याने शर्यत लावली. वरळीहून शिडावर जयगडला जायचं आणि परत यायचं. जो मचवा पहिला येईल, त्याला नवी सागवानी डोलकाठी.

काशीबाईचा नवरा धर्मा हा तांडेल, म्हणजे मचवा हाकणारा. त्याच्या मचव्याची डोलकाठी चिरलेली, दोरीने आवळून बांधलेली. नवी मिळाली नाही, तर पुढच्या हंगामात त्याला दुसऱ्याच्या मचव्यावर खलाशी म्हणून राबावं लागणार होतं. काशीबाईने देवीपुढे हात जोडले, "आमचा मचवा पयला येऊ दे, यो कोंबडा तुला."

माझं मत कोणी विचारलं नाही. घरी ठेवला तर चोरीला जाईल म्हणून मला मचव्यावरच बांधलं. आपली होडी हरावी म्हणून जीव तोडून झटणारा असा खलाशी अरबी समुद्राने त्याआधी पाहिला नसेल.

मी शिडाची दोरी टोचली. सुकाणूवरचा धर्माचा अंगठा टोचला. धर्मा कळवळला, त्याचा एकमेव खलाशी लवू वल्हं घेऊन धावला. धर्मानेच त्याला अडवलं.

"मारू नको रे, नवसाचा हाय!"

दोघे भात खाताना एक घास माझ्यापुढे ठेवत. ज्याला कापायचं, त्याला माणूस फार मायेने भरवतो. चार दिवस आम्ही एकाच मडक्यातलं पाणी प्यायलो आणि एकाच लाटेने भिजलो.

परतताना खांदेरी बेटापाशी पहाटे दाट धुकं पडलं. माहीमचा कुशाबा तांडेल आमच्या पुढे होता. आमची हार नक्की झाली! मला आनंद आवरेना. मी गळा फाडून आरवलो.

धुक्यात कोंबडा ऐकू आला की गाव जवळ, म्हणजे खडक जवळ, हे प्रत्येक तांडेलाला त्याच्या बापाने शिकवलेलं असतं. मचव्यावर कोंबडा असतो, हे कोणाच्याच बापाने शिकवलेलं नव्हतं.

"खडकावर चढू रे! शीड उतरवा, नांगर टाका!" कुशाबा ओरडला आणि भर समुद्रात थांबला. आम्ही त्याच्या बाजूने निघून गेलो.

"आरव रे माझ्या राजा, अजून आरव!" धर्मा कुजबुजला. मी चोच घट्ट मिटली. पण उशीर झाला होता.

वरळीला काशीबाई कोयता घेऊनच उभी होती. लवूने मला काखेत घेतलं.

"काकी, यो नाय कापायचा. मचव्यावर ज्यानं घास खाल्ला तो खलाशी. खलाशाला वाटा देतात, त्याची मान नाय घेत."

"आन् देवीला काय सांगू? तुझं तोंड दाखवू?"

धर्मा आपल्या सुजलेल्या अंगठ्याकडे पाहत म्हणाला, "कौल लाव. देवीलाच इचार."

काशीबाईने देवीच्या मूर्तीला दोन बाजूंना फुलांच्या कळ्या चिकटवून विचारलं, कोंबड्याऐवजी नारळ चालेल का? उजवी कळी पडली, देवीचा होकार. म्हणजे सुटका! माझ्या जागी नारळ फुटला.

आज मी नव्या डोलकाठीच्या बुडाशी बसतो. मासळीचे वाटे पडतात, तेव्हा एक बोंबील माझ्यासाठी वेगळा निघतो. यंदाच्या शर्यतीला काशीबाई देवीला बोकडाचा नवस बोललीय. तो माझ्याच शेजारी बांधलाय. मघाशी त्याने रडवेल्या आवाजात विचारलं, "दादा, धुकं पडलं तर मी काय करू?"

"धुक्याचं राहू दे," मी म्हटलं, "आधी भाताच्या मडक्यात तोंड घाल."

मायबाप हो, मचवा अजून किनाऱ्यालाच आहे. लवू नवा भात शिजवतोय. पहिला सगळा बोकडाने संपवला.