भिंतीतली शिट्टी

घाबरू नका, मित्रांनो. आवाज भिंतीतून येतो आहे हे खरे, पण मी भूत नाही. मी एक जुनी बोलनळी आहे. आयुष्यभर मी दुसऱ्यांचेच बोलणे इकडून तिकडे नेले, त्यामुळे स्वतःचे काही सांगायची वेळ आली की मला अवघडल्यासारखे होते. काही चुकले तर सांभाळून घ्या.

एका तांबटाने मला पितळेच्या पत्र्यातून वळवले आणि गवंड्यांनी वाचनालयाच्या जाड भिंतीत चिणले. माझे एक तोंड वर, ग्रंथपालांच्या टेबलाशेजारी. दुसरे खाली तळघरात, जिथे जुनी, जड पुस्तके असत. दोन्ही तोंडांना शिट्टीचे बूच होते. वरून फुंकर मारली की खाली शिट्टी वाजे. मग तळघर सांभाळणारे गृहस्थ आपले बूच काढून कान लावत. वरून हळूच पुस्तकाचे नाव सांगायचे, खालून तेच नाव पुन्हा म्हणायचे, म्हणजे घोटाळा नको. थोड्या वेळाने दोरीच्या पाळण्यातून पुस्तक वर येई. वाचणाऱ्यांची शांतता मोडू नये म्हणून ही सोय.

खालच्या गृहस्थांना सगळे तळघरकाका म्हणत. वाचकांना ते क्वचितच दिसत. ऐकू येई तो फक्त माझ्यातून आलेला त्यांचा घोगरा आवाज. मुले माझ्या तोंडाशी वाकून विचारत, "काका, खाली राक्षस आहे का हो?"

"आहे की. आत्ताच माझा डबा खाऊन बसलाय. पाठवू का वर?"

मुले किंचाळत पळत. ग्रंथपालबाई डोळे वटारत, आणि हसू लपवायला तोंडापुढे पुस्तक धरत.

पुढे काका वारले. छप्पर गळू लागले, वाचक कमी झाले आणि एक दिवस वाचनालयाला कुलूप लागले. चांगली पुस्तके दुसरीकडे गेली, नको असलेली खालीच राहिली. कुबट वास वर येतो म्हणून तळघराच्या दाराला फळ्या ठोकल्या. फटी आणि पाळण्याची वाट चुन्याने बुजवली. माझे खालचे बूच मात्र साखळीला लोंबतच राहिले. ते लावायचे कुणाला सुचले नाही.

मित्रांनो, तुम्ही कधी अंधार ऐकला आहे का? मी ऐकला. दमट हवेत पुस्तके फुगतात. फुगलेल्या पुस्तकाची शिवण तुटते तेव्हा बोटे मोडल्यासारखा आवाज होतो. आधी एक. मग बऱ्याच वेळाने आणखी एक. शेवटी मलाच कळेनासे झाले, की ही पुस्तके आहेत, की खाली कुणीतरी बसून खरोखरच बोटे मोडते आहे.

मग एका सकाळी माझ्यात खालून श्वास आला. थंड, ओला, सावकाश. तो चढत चढत वर पोचला आणि रिकाम्या वाचनकक्षात शिट्टी वाजली. कबुतरे भेदरून उडाली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा. रस्त्यावरून जाणाऱ्यांनी ती ऐकली. "वाचनालय उघडायची हीच वेळ होती," कुणीतरी म्हणाले. तेवढे पुरले. लोक पलीकडच्या बाजूने चालू लागले.

काही वर्षांनी नगरपालिकेने इमारत पाडायचे ठरवले. तेव्हा निवृत्त ग्रंथपालबाई काठी टेकत घरोघर फिरल्या. औषधांचा दुकानदार, एक गवंडी, शेजारपाजारचे लोक गोळा झाले. नगरपालिकेने सांगितले, की दुरुस्ती करून दाखवा. आमचे इंजिनियर येऊन भिंती आणि पाया तपासतील. धडधाकट असेल तर राहील, नाहीतर बुलडोझर.

कामाच्या पहिल्याच सकाळी शिट्टी वाजली. झाडू, घमेली टाकून सगळे बाहेर. बाई तेवढ्या उभ्या राहिल्या. त्यांनी माझे बूच काढले, कान लावला. तो ओला श्वास त्यांच्या गालाला लागला. त्यांनी डोळे मिटले. "काका, आलोय आम्ही," त्या म्हणाल्या. "घाई नको."

तेव्हापासून प्रथाच पडली. शिट्टी वाजली की हत्यारे खाली ठेवायची, ती थांबेपर्यंत माना खाली घालून उभे राहायचे. आणि तळघर उघडायचे नाही. "ती त्यांची जागा आहे," बाई म्हणाल्या. "वरचं सगळं करू. तिथे हात लावायचा नाही."

हे प्रेमच होते, मित्रांनो, मला शंका नाही. पण तो श्वास दिवसेंदिवस लांबत होता. त्याच्यामागून काहीतरी झिरपत, ढासळत असल्याचा बारीक आवाज येई. मी कसे सांगणार? तेव्हा मला कुणी बोलेल तेवढेच बोलता येई.

छप्पर झाले, खिडक्या झाल्या. माझ्याशेजारच्या भिंतीला मात्र तडा गेला. गवंड्याने तो बुजवला, तर अधिक लांब होऊन परत आला.

"बाई, हे वरवरचं दुखणं नाही," गवंडी म्हणाला. "खाली काहीतरी झालंय."

"खाली जायचं नाही म्हटलंय ना?" दुकानदार म्हणाला. "तू आपला लेप लाव. वैद्यकी माझ्यावर सोड."

एका सकाळी काकांची सून पडद्यांची मापे घ्यायला आली. शिवणकाम हा तिचा धंदा. ती खिडकीशी टेप लावते आहे तोच शिट्टी वाजली आणि सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

"हे काय चाललंय?"

"तुमचे सासरे," दुकानदार कुजबुजला. "रोज येतात. अगदी उघडायच्या वेळेला."

"मामंजी? आणि वेळेला?" ती इतकी हसली की तोंडातल्या टाचण्या सांडल्या. "अहो, अख्खी नोकरी उशिरा जाण्यात गेली त्यांची! आज चष्मा सापडत नाही, उद्या चप्पल सापडत नाही. बाई, तुम्हीच ना त्यांना बोलायच्या?"

बाई हळूच खुर्चीवर टेकल्या. "बोलायचे," त्या म्हणाल्या. "रोज."

"मग? जिवंतपणी ज्यांनी घड्याळाला विचारलं नाही, ते आता कशाला विचारतील?"

दुसरे कुणीच हसले नाही. शिट्टी वाजतच होती. काका नव्हेत, तर मग इतके दिवस खाली श्वास कोण घेत होते?

"दार उघडा," बाई म्हणाल्या.

गवंड्याने फळ्या उपसल्या. कोंडलेली हवा भसकन बाहेर आली आणि शिट्टी मध्येच थांबली. बॅटरीच्या उजेडात काळे पाणी दिसले. पायऱ्या त्यात बुडून गेल्या होत्या. उघडी पुस्तके पाने पसरून तरंगत होती, आणि पाणी काही आवाज न करता वर चढत होते. रस्त्याखालचा नळ फुटला होता. सकाळी नळाला पाणी सुटले की ते तळघरात भरे आणि तिथली हवा माझ्यातून वर ढकलली जाई. मग दिवसभर ते जमिनीत मुरे, आणि जाताना इमारतीच्या पायातला चुना घेऊन जाई.

गवंड्याने भिंतीच्या बुडाला हात लावला. चुना ओल्या पिठासारखा हातात आला. "अजून थोडे दिवस माना खाली घालून उभे राहिलो असतो ना बाई," तो म्हणाला, "तर ही मानेवरच आली असती."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आले, पण ते भिंतीसाठी नसावे. "मला वाटलं होतं..."

सुनेने त्यांचा हात धरला. "ते मामंजीच आहेत असं मलाही वाटलं असतं, तर बरं झालं असतं."

नळ दुरुस्त झाला, पाणी उपसले, पाया नव्याने भरला. गवंड्याने माझे खालचे बूच घासून जागेवर बसवले. इंजिनियर आले ते मुद्दाम पाणी सुटायच्या वेळेला, आणि गवंड्याला घेऊन खाली उतरले. वर सगळे श्वास रोखून उभे होते. रस्त्याखालून पाणी धावले. भिंतीतल्या दगडांतून मला त्याची थरथर जाणवली. बाई पुढे आल्या. त्यांनी फुंकर मारली आणि विचारले, "काय दिसतंय?"

खाली शिट्टी वाजली. बाईंनी कान लावला.

मग खालून माणसाचा आवाज आला. "कोरडं आहे, बाई! साहेब म्हणतात, इमारत राहते!"

इतक्या वर्षांनी खालून जिवंत माणूस बोलला, आणि गंमत बघा, शिट्टीला सरावलेले सगळे त्याला मात्र दचकले. दुकानदाराने तर टेबलच घट्ट धरले.

मित्रांनो, जुन्या वास्तूला दुखले की ती तिला जमेल तशी हाक मारते. तशी हाक ऐकलीत तर पळू नका. हातही जोडू नका. आधी दार उघडा. आत तुमच्या मनातले माणूस नसेल कदाचित, आणि ते बघणे जड जाईल. तरीही उघडा.